जुन्या समाध्या व वीरगळ : दगड धुवावा कसा, वाचावा कसा
(जीर्णोद्धारानिमित्त आखाडा बाळापूर येथे ग्रामस्थांपुढे झालेले भाषण)



देवळाचे काम निघाले की गावात उत्साहाला भरती येते. कोणी सिमेंटच्या गोण्या देतो, कोणी वाळूची ट्रॉली देतो, कोणाला काही जमले नाही तर तो दोन दिवस श्रमदान करतो. या उत्साहात एक गोष्ट मात्र नजरेआड होते. देवळाच्या पाराला टेकून, पिंपळाच्या बुंध्याशी, नदीच्या वाटेवर, मठाच्या आवारात आणि शेताच्या बांधावर जे जुने दगड उभे आहेत, त्यांचे काय करायचे हे कोणी ठरवलेले नसते. मग रंगवाला येतो आणि उरलेला रंग त्यांना फासून जातो. गवंड्याला पायरीला दगड कमी पडतो आणि तो त्यांतलाच एक उलटा घालून मोकळा होतो. कोणी भाविक हौसेने ॲसिडची बाटली आणतो आणि दगड 'चकाचक' करतो. हेतू कोणाचाच वाईट नसतो, पण नुकसान व्हायचे ते होतेच. म्हणून या दगडांविषयी चार गोष्टी सर्वांच्या कानावर घालाव्यात, एवढाच या भाषणाचा हेतू.

प्रथम हे दगड कोणकोणते ते पाहू. आपल्या भागात मयताला अग्नी देणारे समाज आहेत, तसे भूमी देणारेही आहेत. लिंगायत, गोसावी, नाथपंथी, महानुभाव या मंडळींत समाधी देण्याची चाल आहे. समाधीवर ओटा, त्यावर पिंड, पादुका किंवा नंदी, आणि पुष्कळदा नाव व तिथी कोरलेला दगड असतो. मुसलमान बांधवांच्या कबरस्तानात फारसी-उर्दू अक्षरांचे दगड असतात. हिंगोलीला १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. निजामाच्या राज्यात अशा ठिकठिकाणी वारलेल्या गोऱ्या लोकांच्या थडग्यांवरील लेखांची यादी ओ. एस. क्रॉफ्टन यांनी केली आणि ती १९४१ साली हैदराबादेत छापली गेली. जे साता समुद्रापलीकडून आले त्यांची नावे कोणीतरी कागदावर उतरवून ठेवली. गावातल्या आजा-पणजाच्या समाधीवरचे नाव मात्र कोठेच उतरलेले नाही. ते फक्त दगडावर आहे, आणि दगडावरून गेले की गेलेच.

दुसरा प्रकार वीरगळांचा. गाईगुरे सोडवताना किंवा गावाच्या रक्षणासाठी जो पडला त्याचा हा दगड. याला बहुधा तीन-चार खण असतात. खालच्या खणात लढाई किंवा मेलेला वीर, मधल्या खणात त्याला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या खणात शिवपिंडीची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्याला कलश अथवा चंद्रसूर्य. चंद्रसूर्य आहेत तोवर त्याची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. ज्या दगडावर कोपरातून वाकवलेला, बांगड्या भरलेला एकच हात दिसतो ती सतीशिळा. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षरे नसतात. म्हणून ज्यावर एखादी ओळ आहे, त्याची किंमत अधिक.

तिसरा प्रकार दानलेखांचा. येथे देणगीदार मंडळींनी विशेष लक्ष द्यावे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात 'चौऱ्याऐंशीचा लेख' म्हणून एक शिलालेख प्रसिद्ध आहे. तो शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या काळातला आहे. त्यात काय आहे? मंदिराला ज्यांनी ज्यांनी देणगी दिली त्यांची नावे आणि देणगीचे आकडे. देवगिरीचा राजा रामदेवराय त्यात आहे, त्याचा मंत्री हेमाद्री आहे, आणि सामान्य भक्तही आहेत. या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर जशी यादी छापली जाते, तशीच ती साडेसातशे वर्षांपूर्वीची यादी आहे. पुढे लोकांत समजूत पसरली की या दगडाला पाठ घासली म्हणजे चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो. पिढ्यान्‌पिढ्या भाविकांनी पाठी घासल्या आणि अक्षरे झिजली. कोणी शत्रू आला नाही, कोणी घण घातला नाही. श्रद्धेच्या हातांनीच दात्यांची नावे पुसट झाली. आज आपण ज्या हातांनी नव्या देणगीदारांची संगमरवरी पाटी लावतो, त्याच हातांनी जुन्या देणगीदारांच्या पाटीवर ऑइल पेंट चढू नये, इतके तरी पाहिले पाहिजे.

एका ओळीची किंमत किती असते, त्याचेही उदाहरण सांगण्यासारखे आहे. सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे संगमेश्वराचे देऊळ आहे. तेथील तुळईवर मराठीची एक ओळ आहे. ती संशोधक आनंद कुंभार यांनी उजेडात आणली. त्या लेखाचे साल शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८. मराठी भाषेच्या अगदी आरंभीच्या कोरीव लेखांत आज त्याची गणना होते. शेकडो वर्षे लोक त्या तुळईखालून गेले असतील, पण वर पाहून वाचणारा एकच निघाला. शं. गो. तुळपुळे यांनी 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हा ग्रंथ १९६३ साली पुणे विद्यापीठातर्फे काढला, आणि शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील शिलालेखांचा संग्रह रित्ती व शेळके यांनी १९६८ साली प्रसिद्ध केला. ही कामे झाली ती दगड जागेवर शाबूत होते म्हणून.

आता नुकसान कसे होते ते पाहू. घडते ते असे. वर्षश्राद्ध किंवा जत्रा जवळ येते. घरातला कर्ता म्हणतो, आजोबांची समाधी काळी पडली, जरा उजळून घ्या. पोरे फरशी धुण्याचे ॲसिड आणि तारेचा ब्रश घेऊन जातात. दगड फसफसतो, मळ निघतो, सगळ्यांना बरे वाटते. महिन्याभराने त्यावर पांढरे-पिवळे डाग उमटतात. पाऊस पडला की पापुद्रा सुटू लागतो. दोन-तीन वर्षांत नावाची कड बोथट होते आणि 'राम' की 'नाम' हे सांगता येईनासे होते. घाणीने अक्षर फार तर झाकले होते. स्वच्छतेने ते नाहीसे झाले.

असे का होते? आपला काळा पाषाण कठीण खरा, पण तो सगळीकडे सारखा नसतो. त्यात बारीक छिद्रे असतात आणि त्या छिद्रांत पांढरी भर असते. उन्हापावसाने वरची कातडी आधीच सैल झालेली असते. ॲसिड त्या भरीला खाते, दगडातल्या लोखंडाचा गंज बाहेर काढते आणि आत मुरून क्षार सोडते. शहाबादी फरशी आणि संगमरवर हे तर चुन्याचेच भाऊ, त्यांना ॲसिड सरळ खाऊन टाकते. ब्लीचिंग पावडर आणि धुण्याचा सोडा यांचेही तेच. त्यांचे क्षार दगडात राहतात आणि सुकताना आतून पापुद्रा उचलतात. अमेरिकेतही सैनिकांच्या संगमरवरी थडग्यांसाठी निरनिराळी द्रावणे तेथील तज्ज्ञांनी तपासून पाहिली. त्यांनीही ब्लीच वापरू नये असाच सल्ला दिला. तेव्हा ही काळजी आपल्याच गावापुरती नाही.

म्हणून पहिला नियम असा की, वाचता येत असेल तर धुऊच नये. दगड वाचायला पाण्यापेक्षा उजेड अधिक उपयोगी पडतो. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना कोरलेले अक्षर दिसत नाही, कारण सावली पडत नाही. सकाळी किंवा सायंकाळी ऊन तिरपे आले की तोच दगड बोलू लागतो. जो दगड सावलीत आहे त्याच्यावर आरशाने बाजूने ऊन पाडावे. रात्री बॅटरी दगडाच्या अगदी कडेला धरून उजेड सपाट सोडावा आणि तो आळीपाळीने डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून दाखवावा. प्रत्येक वेळी मोबाईलने एक फोटो घ्यावा, पण मोबाईल जागचा हलू देऊ नये. एका फोटोत न दिसलेली काना-मात्रा दुसऱ्यात सापडते. याला खर्च शून्य आणि धोकाही शून्य.

अक्षरांत खडू, चुना, रंग किंवा पीठ भरून वाचण्याची खोड पुष्कळांना असते. ती सोडावी. पिठाने मुंग्या व बुरशी येते, रंग कायमचा बसतो, आणि मुख्य म्हणजे भरणारा माणूस आपल्या मनातले अक्षर भरतो. पुढचा वाचणारा मग दगड वाचत नाही, रंगवणाऱ्याचे मन वाचतो.

धुणे भागच असेल तर त्याची रीत अशी आहे.

एक, आधी दगडाची प्रकृती पाहावी. बोटाच्या पेराने हलके ठोकावे. ठणठणीत आवाज आला तर दगड निरोगी. पोकळ, बद्द आवाज आला, पापुद्रा हलला किंवा हाताला भुगा लागला तर त्या दगडाला पाणीही लावू नये. फोटो घ्यावा आणि थांबावे.

दोन, धुण्यापूर्वीचा फोटो काढून ठेवावा.

तीन, पाणी गोडे असावे. आपल्याकडे बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी क्षारयुक्त असते. हंड्याला जसा पांढरा थर धरतो तसा तो दगडावरही धरतो. पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत उत्तम. तापलेल्या दगडावर गार पाणी ओतू नये. हे काम सकाळी सावलीत करावे.

चार, हत्यारे मऊ असावीत. मऊ केसांचा ब्रश, दाढीचा ब्रश, सुती फडके आणि फटीतली माती काढायला बांबूची कामटी, एवढे पुरे. तारेचा ब्रश, काचपेपर, खिळा, टाकी, ग्राइंडर आणि गाड्या धुण्याचा जोराचा पंप यांपैकी काहीही दगडाजवळ नेऊ नये. साबणही नको.

पाच, प्रथम दगड चांगला भिजवावा. खालून सुरुवात करून वर जावे, म्हणजे मळकट पाण्याचे ओघळ कोरड्या भागावर बसत नाहीत. गोल गोल हलक्या हाताने चोळावे आणि लागलीच भरपूर पाण्याने धुवावे. ब्रश पुनःपुन्हा स्वच्छ करावा, नाहीतर त्यातली वाळूच दगड घासते.

सहा, शेवाळ पाण्याने निघते. दगडफूल मात्र चिवट असते. ते कोरडे असताना खरवडले तर दगडाची कातडी घेऊन निघते. ओले फडके काही वेळ लावून ते फुगू द्यावे आणि मग कामटीने सुटेल तेवढेच काढावे. न सुटणारे तसेच राहू द्यावे. डाग राहिला तर बिघडत नाही, खड्डा पडला तर बिघडते.

सात, एकदा धुतलेला दगड दरवर्षी धुऊ नये. त्यावर तेल, वॉर्निश किंवा चमक आणणारे पॉलिश लावू नये. दगडाला श्वास घेऊ द्यावा.

आता शेंदराचा प्रश्न. येथे श्रद्धेचा संबंध येतो, म्हणून जपून बोलले पाहिजे. ज्या दगडाची नित्य पूजा होते, तो देव झाला. त्याचा शेंदूर उतरवायचा की नाही हे पुजारी, मानकरी आणि सर्व गाव मिळून ठरवतील. कोणा एका हौशी माणसाने तो रात्रीतून खरवडू नये. शेंदूर उतरवणे म्हणजे देवाचा अवमान, असेही मानण्याचे कारण नाही. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदराचा जुना लेप २०२२ साली, मंदिर काही काळ दर्शनासाठी बंद ठेवून, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उतरवण्यात आला आणि देवीचे जुने स्वरूप भक्तांना दिसले. पंढरपुरातही २०२४ साली संवर्धनाचे काम निघाले तेव्हा नंतरच्या काळातली आवरणे काढून मूळ पाषाण मोकळा करण्यात आला. मोठ्या देवस्थानांनी जे केले ते विचाराने आणि जाणत्यांच्या हातून केले. आपल्यालाही तोच रस्ता आहे.

आणखी एक इशारा. पारंपरिक शेंदूर हा शिशाचा असतो आणि शिसे हे विष आहे. कोरडा शेंदूर खरवडला तर त्याची धूळ नाकातोंडात जाते. लहान मुलांना या कामाला कदापि लावू नये. ऑइल पेंटचेही तसेच. थिनर, रॉकेल किंवा दिवटीने तो काढण्याच्या भानगडीत गावाने पडू नये. निदान एक गोष्ट मात्र आजच, फुकट आणि सर्वांना करता येण्यासारखी आहे, ती म्हणजे नवा रंग न लावणे.

दगड दिसू लागला की तो वाचायचा. जुन्या लेखात शब्द सुटे नसतात, सर्व ओळ सलग असते. यादवकाळच्या अक्षरांत मात्रा डोक्यावर नसून अक्षराच्या मागे उभी काढलेली असते, तिला पडिमात्रा म्हणतात. आरंभी बहुधा 'स्वस्ति श्री' आणि शक येतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. विक्रम संवत असेल तर ५७ वजा करावेत. निजामी अमदानीतला दगड असेल तर फसली साल असू शकते, त्यात ५९० मिळवावेत. उदाहरणार्थ फसली १३५० म्हणजे इ. स. १९४०-४१. संवत्सराचे नाव दिले असेल तर ताळा करून पाहता येतो. शकात १२ मिळवून ६० ने भागावे आणि जी बाकी उरेल तितकावा संवत्सर प्रभवापासून मोजावा. पंढरपूरच्या शके ११९५ चे उदाहरण घ्या. ११९५ अधिक १२ म्हणजे १२०७, बाकी ७, आणि सातवा संवत्सर श्रीमुख. लेखातही श्रीमुखच आहे. आकडा पुसट असला तरी संवत्सरावरून चूक पकडता येते.

वाचन लिहिताना मात्र पंचनाम्याची शिस्त पाळावी. पंचनाम्यात जे दिसले तेच लिहितात, जे असावेसे वाटते ते लिहीत नाहीत. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्यावे. एका टिंबाला लाज वाटण्याचे कारण नाही, पण अंदाजाने भरलेल्या एका अक्षराने दोन भावक्यांत तंटा लागू शकतो. कोणाचे घराणे मोठे, कोणाचा मान आधी, कोणाचे शेत कोठवर, हे ठरवायला दगड हा काही सातबाराचा उतारा नव्हे. तो पूर्वजांची आठवण आहे. तिला आठवणीच्याच मानाने वागवावे.

कायद्याच्या दोन गोष्टी बांधकाम समितीने ध्यानात ठेवाव्यात. देऊळ किंवा जागा संरक्षित स्मारक असेल तर खात्याच्या परवानगीशिवाय धुण्याचेही काम करू नये. पाया खणताना मूर्ती, नाणी किंवा कोरीव दगड सापडला तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तहसीलमध्ये लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. लपवून ठेवण्याने वस्तूही जाते आणि माणूसही अडचणीत येतो. लेख महत्त्वाचा वाटला तर त्याचा कागदी ठसा घेण्याचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची शिलालेख शाखा म्हैसूरला आहे आणि अरबी-फारसी लेखांची शाखा नागपूरला आहे. चांगले फोटो पाठवले तरी कामाची सुरुवात होते.

शेवटी समितीपुढे चार सूचना. पहिली, रंगकाम सुरू होण्यापूर्वी गावातील सर्व जुन्या दगडांची एक वही करावी. प्रत्येक दगडाला क्रमांक, जागा, लांबी-रुंदी, दोन फोटो आणि त्याविषयी म्हातारी माणसे जे सांगतात ते. क्रमांक वहीत लिहावा, दगडावर रंगाने नव्हे. दुसरी, या वहीत मठ, स्मशान, कबरस्तान, वेशीबाहेरच्या वस्त्या, सर्वांचे दगड यावेत. वीरगळावरचा वीर कोणत्या आळीचा होता हे आज कोणी सांगू शकत नाही, पण तो गावासाठी पडला एवढे नक्की. तिसरी, पडलेले दगड सिमेंटमध्ये पुरू नयेत. ओल आत कोंडून दगड सडतो. वाळू-खडीच्या बैठकीवर, किंचित उंच, पाणी साचणार नाही असे उभे करावेत, आणि शक्यतो जागच्या जागी ठेवावेत. चौथी, या कामाला शाळेतील मोठी मुले आणि गावातील म्हातारी माणसे यांची जोडी लावावी. मुलांचे डोळे तीक्ष्ण असतात आणि म्हाताऱ्यांना गोष्ट ठाऊक असते. दोघे एकत्र बसले की दगड अर्धा वाचून होतो.

हिंगोली जिल्हा १९९९ साली झाला, पण ही भूमी त्याहून फार फार जुनी आहे. नामदेव महाराजांची नरसी जवळच, औंढ्याचा नागनाथ जवळच. नामदेवांनी पंढरीत जागा घेतली ती पायरीची, भक्तांच्या पायाखालची. आज त्या पायरीवर पाय देण्याची कोणाची छाती होत नाही, कारण ती कोणाची आहे हे सर्वांना ठाऊक आहे. आपल्या पाराशी पडलेल्या दगडांवर आपण बसतो, खुरपे घासतो, तंबाखू मळतो, ते एवढ्याचसाठी की तो कोणाचा दगड हे आपल्याला ठाऊक नाही. ठाऊक झाले तर कोणी बसणार नाही.

या जीर्णोद्धारात ज्यांनी दान दिले त्यांची नावे पाटीवर येतील आणि यायलाच हवीत. पण ज्यांनी हे देऊळ पहिल्यांदा उभे केले आणि ज्यांनी वेशीवर प्राण दिले, त्यांच्या पाटीची काळजी घेणे हाही या जीर्णोद्धाराचाच भाग आहे. त्याला वर्गणी लागत नाही. एक बादली पावसाचे पाणी, एक मऊ ब्रश, सकाळचे तिरपे ऊन आणि थोडा धीर एवढे पुरते. ते या गावाकडे आहे.

रामकृष्णहरी. जय हिंद, जय महाराष्ट्र.